एका विलासनौकेचा जमाखर्च



केवळ हौसेसाठीं समुद्रावर हिंडावयास जी नौका ठेवितात तिला इंग्रजींत 'यॉट' म्हणतात. शब्द मूळचा डच असून त्याचा धातु शिकारीचा किंवा पाठलागाचा अर्थ दाखवितो. उथळ पाण्यांतून चपळाईनें जावें, कोणाच्या मागें लागावें, अशा कामाची ती होडी. इ. स. १६६० मध्यें दुसरा चार्लस् परदेशचा वनवास संपवून इंग्लंडच्या गादीवर आला, तेव्हां ॲमस्टरडॅम शहरानें त्याला 'मेरी' नांवाची अशी एक नौका नजर केली, आणि तेव्हांपासून इंग्लंडांत ही हौस रूढ झाली. हा चार्लस् आपल्या परिचयाचा आहे. पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर त्याला मुंबई आंदण मिळाली, आणि १६६८ सालीं वर्षाला १० पौंड खंडावर ती त्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केली. मुंबईची त्याला फारशी मातबरी वाटली नाहीं. नौकांची मात्र फार. १६६१ च्या ऑक्टोबरांत त्यानें आपल्या भावाशीं १०० पौंडांची पैज लावून टेम्स नदींत ग्रिनिच ते ग्रेव्हसेंड व परत अशी शर्यत केली. पुढें सबंध कारकीर्दींत त्यानें वीसांहून अधिक नौका बाळगल्या.

ह्या नौका आरमाराच्याच गोद्यांत बांधीत, आणि त्यांवरचे खलाशीही आरमाराचेच असत. आतां त्याच आरमाराची दुसरी बाजू पाहा. खजिन्यांत पैसा नाहीं म्हणून खलाशांना पगाराऐवजीं चिठ्ठ्या मिळत, आणि पोटासाठीं त्यांना त्या मिळेल त्या दरानें मोडाव्या लागत. १६६७ मध्यें खर्च झेपेना म्हणून मोठालीं लढाऊ जहाजें नांगरून ठेविलीं होतीं. जून महिन्यांत डच लोक मेडवे नदींत शिरले, कांहीं जहाजें त्यांनीं जाळलीं, आणि ज्या 'रॉयल चार्लस्' जहाजांतून राजा १६६० सालीं मायदेशीं परतला होता तेंच ते ओढून घेऊन गेले. त्याच्या पिछाडीचें कोरीव काम आजही ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतें. हा सगळा दोष हौसेच्या नौकांचा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. युद्ध, प्लेग आणि लंडनची आग यांनीं खजिना अगोदरच रिता केला होता; शिवाय ह्या नौका दूत व टपाल नेण्याच्या कामींही येत. तथापि हौसेच्या नौकेचा खर्च अखेर कोणाच्या खातीं पडतो, हा प्रश्न येथपासूनच उभा राहतो. त्याचें उत्तर ज्या एका नौकेच्या चरित्रांत फार स्पष्ट वाचतां येतें, तिची हकीकत आज सांगावयाची आहे.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत सेलम नांवाचें बंदर आहे. (आपल्या दक्षिणेकडील सेलम तें निराळें.) अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील व्यापाऱ्यांचीं गलबतें पूर्वेकडील देशांशीं मिरीचा व कापडाचा व्यापार करीत. त्यांत क्राउनिनशील्ड हें घराणें फार पुढें आलेलें. दारीं हत्ती झुलणें हें आपल्याकडे श्रीमंतीचें लक्षण मानतात. ह्या घराण्यांतील जेकब क्राउनिनशील्ड यानें १७९६ सालीं बंगालहून खरोखरीचा हत्ती जहाजांत घालून अमेरिकेंत नेला. त्या देशानें पाहिलेला तो पहिला हत्ती. मात्र व्यापाऱ्याचें डोकें असल्यामुळें त्यानें तो पोसला नाहीं, विकून टाकला.

जेकबचा भाऊ जॉर्ज याला ही सावधगिरी नव्हती. तो धाडसी, उदार आणि कांहींसा विक्षिप्त असा ब्रह्मचारी पुरुष होता. १८१२ च्या युद्धांत घराण्याच्या जहाजांनीं शत्रूचा माल पकडून अमाप पैसा मिळविला होता. वडील १८१५ मध्यें वारले, पेढीचा व्यवहार आटोपला, आणि वयाच्या पन्नाशींत जॉर्जनें समुद्रसफरीसाठीं स्वतःची नौका बांधावयास घेतली. ऑक्टोबर १८१६ मध्यें ती पाण्यांत उतरली. तिचें नांव 'क्लिओपात्राज् बार्ज', म्हणजे क्लिओपात्राची नौका. लांबी सुमारे १०० फूट, भारक्षमता १९१ टन. एका कुशीवर आडवे रंगीत पट्टे, तर दुसऱ्या कुशीवर माशाच्या कांट्यासारखी नक्षी. त्यामुळें एका बाजूनें पाहणाऱ्यास एक नौका दिसे व दुसऱ्या बाजूनें दुसरीच. आंत महोगनीचें काम, मखमली बैठका, त्यांना जरीची किनार, आरसे, झुंबरें. या सर्वांस मिळून सुमारे ५०,००० डॉलर लागले असें सांगतात. अमेरिकेंतून महासागर ओलांडण्यासाठीं बांधलेली ही पहिली विलासनौका होय.

त्या हिवाळ्यांत सेलमचें बंदर गोठलें, तेव्हां लोक बर्फावरून घसरगाड्यांत बसून ती पाहावयास येत. ३० मार्च १८१७ रोजीं ती निघाली. मदीरा, जिब्राल्टर, बार्सिलोना, मार्सेय, जिनोव्हा असे मुक्काम करीत ती भूमध्य समुद्रांत हिंडली, आणि प्रत्येक बंदरीं हजारों माणसें तिच्यावर चढून गेलीं. नेपोलियनला सेंट हेलिनाहून सोडविण्यासाठींच ही नौका आली आहे, अशी कंडीही पिकली होती. मला ह्या सफरींतील एकच गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी वाटते. जिनोव्हा येथें बॅरन फॉन झाक नांवाचा ज्योतिषी नौका पाहावयास आला. रेखांश काढण्याविषयीं बोलणें चाललें असतां त्याला कळलें कीं, नौकेवरचा निग्रो स्वयंपाकी देखील चंद्राच्या अंतरावरून रेखांशाचें गणित मांडतो. त्यानें प्रश्न विचारून खात्री करून घेतली व ही गोष्ट आपल्या ज्योतिषाच्या नियतकालिकांत छापली. जन्मभर वर्गांत अक्षांश-रेखांश शिकविलेल्या माझ्यासारख्यास त्या स्वयंपाक्याचा हेवा वाटावा!

३ ऑक्टोबर रोजीं नौका सेलमला परतली. जॉर्ज तिच्यावरच राहत असे आणि दुसऱ्या सफरीचे बेत करीत असे. २६ नोव्हेंबर १८१७ रोजीं तो तिच्यावरच एकाएकीं मरण पावला. नौकेचें मालकीसुख त्याला पाण्यांत उतरल्यापासून तेरा महिने लाभलें. आंतील सामान काढून घेऊन वारसांनीं ती लिलावांत काढली, तेव्हां तिला १५,४०० डॉलर आले.

येथें नौका बाळगण्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. घर बांधलें तर तें कांहीं वर्षें तरी मुकाट्यानें उभें राहतें. लांकडी नौकेला ती सवड नाहीं. खाऱ्या पाण्यांतील किडे तळ पोखरतात, म्हणून तळाला तांब्याचा पत्रा ठोकावा लागतो. फळ्यांच्या सांध्यांतील भरण व राळ वरचेवर नवी करावी लागते. शिडें आणि दोर उन्हानें कुजतात. आणि सर्वांत वाईट वैरी म्हणजे पावसाचें गोडें पाणी. खारें पाणी लांकूड एक वेळ टिकवितें. पण वरून झिरपलेलें गोडें पाणी बंद, वारा न लागणाऱ्या पोकळींत साचलें कीं लांकडाला बुरशी लागते आणि तें आंतल्या आंत भुसभुशीत होतें. जितका शृंगार अधिक तितक्या झांकलेल्या जागा अधिक. आपले कोंकणांतील कोळी पावसाळ्यापूर्वीं होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात, शाकारून ठेवितात, लांकडाला माशाचें तेल पाजतात. हें काम हौसेचें नसून नौकेचें देणें आहे. आजचे नौकामालकही असा अडाखा बांधतात कीं, नौकेच्या किंमतीचा दहावा हिस्सा दरवर्षीं तिच्यावर खर्चावा लागतो. चांगलें लांकूड व नित्य निगा यांनीं काय होतें तें पाहावयाचें असेल तर 'ट्रिंकोमाली' हें जहाज घ्या. जॉर्ज मेला त्याच १८१७ सालीं तें मुंबईच्या गोदींत जमशेटजी वाडिया यांनीं मलबारी सागवानांत बांधलें. अनेक दुरुस्त्या होऊन तें आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगत आहे.

क्लिओपात्राच्या नौकेचें दैव असें नव्हतें. कांहीं काळ व्यापारांत घालविल्यावर ती बोस्टनच्या ब्रायंट आणि स्टर्जिस ह्या पेढीकडे आली, आणि पेढीनें ती १८२० मध्यें प्रशांत महासागरांतील हवाई बेटांकडे धाडली. तेथें दुसरा कामेहामेहा, ज्याला लिहोलिहो म्हणत, हा तेवीस वर्षांचा राजा नुकताच गादीवर आला होता. त्यानें नौका पाहिली आणि तो भुलला. नोव्हेंबर १८२० मध्यें सौदा झाला. राजाजवळ नाणें नव्हतें; किंमत ठरली ती ८,००० पिकल चंदन. एक पिकल म्हणजे सुमारे १३३ रत्तल. तेव्हां हा सौदा साडेदहा लाख रत्तलांहून अधिक, म्हणजे आजच्या मापानें सुमारे ४ लाख ८४ हजार किलो चंदनाचा झाला. बाजारभावानें त्याची किंमत ८०,००० डॉलर धरीत. जी नौका दोन-अडीच वर्षांपूर्वीं लिलावांत १५,४०० ला गेली होती, तीच ही!

हें चंदन येणार कोठून? राजाच्या बागेंतून नव्हे. हवाईचें चंदन आपल्या म्हैसूरच्या चंदनाचें भाऊबंद. चीनमध्यें कँटनच्या बाजारांत धुपासाठीं व कोरीव पेट्यांसाठीं त्याला मोठी मागणी. चिनी लोक होनोलुलूला आजही 'चंदनाचा डोंगर' ह्या अर्थाच्या नांवानेंच ओळखतात. राजाचा बाप पहिला कामेहामेहा यानें हा व्यापार आपल्या मुठींत ठेविला होता, आणि कोंवळीं झाडें तोडूं नयेत असा त्याचा निर्बंध होता असें सांगतात. मुलाच्या कारकीर्दींत सरदारांनाही वांटा मिळाला आणि निर्बंध सुटला. सरदारांचा हुकूम सुटे, आणि गांवेंच्या गांवें, बायकामुलांसह, डोंगरांत जात. झाडें तोडावयाचीं, तासावयाचीं आणि मोळ्या पाठीवर बांधून मैलोगणती किनाऱ्यापर्यंत उतरवावयाच्या. ओझ्यानें पाठीला घट्टे पडत. अशा माणसांना त्यांच्या भाषेंत घट्टेपाठे म्हणत. इकडे तारोचीं शेतें ओस पडत. तारो म्हणजे आपल्या अळूसारखा कंद, तेंच त्यांचें मुख्य अन्न. चंदनाच्या पायीं शेतें राहिलीं आणि दुष्काळ पडले.

राजा मात्र नौकेंतून बेटाबेटांवर हिंडे. तिचा एक उपयोग त्यानें राजकारणासाठींही केला. कौआई बेटाचा राजा कौमुआलिई नांवापुरता मांडलिक होता. सप्टेंबर १८२१ मध्यें लिहोलिहोनें त्याला मोठ्या प्रेमानें नौकेवर बोलाविलें आणि रात्रीं शिडें उभारून त्याला ओआहू बेटावर नेलें. तो पुन्हा आपल्या बेटावर राज्य करावयास परतला नाहीं. पाहुण्याला असें नेणें आपल्या इतिहासांतही अपरिचित नाहीं. पण झुंबराच्या दिवाणखान्यांत बसवून नेणें नवीनच.

सौद्याला दोन वर्षें होतात न होतात तोंच, १८२२ मध्यें, नौकेचीं लांकडें कुजलीं असल्याचें उघडकीस आलें. पाण्यांत उतरून तिला अवघीं सहा वर्षें झालीं होतीं. योग्य लांकूड दूर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरून आणविलें, दुरुस्ती केली, आणि १८२३ मध्यें 'हाआहेओ ओ हवाई', म्हणजे हवाईचा अभिमान, असें नवें नांव देऊन तिला पुन्हा पाण्यांत उतरविलें. त्याच वर्षाच्या अखेरीस राजा व राणी कामामालू इंग्लंडच्या राजाच्या भेटीस निघाले, तेही ह्या नौकेंतून नव्हे, एका इंग्रज व्हेलमाऱ्या जहाजांतून.

मालक सहस्रावधि मैल दूर असतांना एप्रिल १८२४ मध्यें नौका कौआई बेटाच्या हानालेई उपसागरांत खडकावर जाऊन फुटली. नावाडी दारूच्या अमलांत होते असें तेथील मिशनऱ्यांनीं लिहून ठेविलें आहे. पुढील प्रसंग हिरम बिंगहम ह्या मिशनऱ्यानें डोळ्यांनीं पाहिला. बुडालेलें कलेवर वर ओढावयाचें ठरलें. बेटावरचे लोक मोठ्या संख्येनें जमले. त्यांनीं हाऊ नांवाच्या झाडाची साल सोलून, वळून जाड दोर केले, ते डोलकाठीला बांधले, आणि एकसुरांत गात सर्वांनीं ओढ घेतली. नौका हलली, किनाऱ्याकडे सरकली, पण खडकाच्या कपारींत अडकली. पुन्हा जोर केला, तों डोलकाठीच मोडली. लोक घरीं गेले. आणि हें बेट कोणतें, तर ज्याचा राजा ह्याच नौकेनें पळविला होता तें!

तिकडे लंडनमध्यें राणी व राजा दोघेही गोंवरानें त्याच जुलै महिन्यांत एका आठवड्याच्या अंतरानें वारलीं. नौका गेली, राजा गेला, राहिलें देणें. केवळ ह्या नौकेचें नव्हे, तर राजा व सरदार यांनीं अशीच उधारीवर घेतलेलीं इतर जहाजें, कापड, चैनीचा माल, सगळ्यांचें. १८२६ मध्यें अमेरिकेचीं लढाऊ जहाजें वसुलीच्या तगाद्यासाठीं होनोलुलूला आलीं. त्या वर्षाच्या डिसेंबरांत कायदा झाला कीं, प्रत्येक पुरुषानें अर्धा पिकल चंदन किंवा चार स्पॅनिश डॉलर द्यावे, आणि तेरा वर्षांवरील प्रत्येक स्त्रीनें १२ फूट लांब व ६ फूट रुंद चटई विणून द्यावी, अगर तितक्याच मोलाचें सालीचें कापड, अगर एक डॉलर. हवाईच्या इतिहासांतील हा पहिला लेखी कर होय. तो भरणाऱ्यांपैकीं किती जणांनीं त्या मखमली बैठका पाहिल्या असतील? पुढें थोड्याच वर्षांत तोडण्याजोगें चंदनच उरलें नाहीं.

सेलमच्या संग्रहालयांत जॉर्जच्या दिवाणखान्याची प्रतिकृति उभारली आहे. हानालेईच्या गाळांत १९९५ पासून २००० पर्यंत वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या संशोधकांनीं उत्खनन केलें आणि नौकेच्या अवशेषांतून हजाराहून अधिक वस्तू वर काढल्या. मोलोकाई बेटावर मात्र डोंगरांत एक निराळीच खूण आहे. गलबताच्या पोटाच्या आकाराचा एक लांबट खड्डा तेथें खणलेला आहे. चंदनाच्या मोळ्या त्यांत रचीत. खड्डा कांठोकांठ भरला म्हणजे एक जहाजभर माल झाला असें समजत, आणि मग तो पाठीवर घेऊन खालीं बंदरावर उतरवीत. त्या खड्ड्यांत आतां गवत आणि झाडें वाढलीं आहेत.