ब्रायरचा पाइप

आपल्याकडील चिलीम कुंभाराच्या चाकावर जन्मते. युरोपांतहि धूम्रपानाची नळी बहुधा मातीचीच असे. ती स्वस्त खरी, पण हाताला चटका देई आणि पडली कीं फुटे. साधें लांकूड घ्यावें तर तें तंबाखूबरोबर जळे. हें कोडें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुटलें. फ्रान्सच्या ज्युरा पर्वतांतील सँ-क्लोद गांवचे कातारी पिढ्यान्‌पिढ्या जपमाळेचे मणी आणि तपकिरीच्या डब्या कातीत आले होते. त्यांच्या हातीं भूमध्यसमुद्राकांठच्या एका झुडुपाची मूळगाठ आली आणि गांवाचा धंदाच पालटला.

हें झुडूप ब्रायर. शास्त्रीय नांव एरिका आर्बोरिया. वणव्यांत त्याच्या फांद्या जळाल्या तरी जमिनींतील गाठीपासून तें पुन्हा फुटतें. आगीशीं सोयरीक असलेलें हें लांकूड आगीच्याच कामास यावें, हा योग मौजेचा! कामाजोगी गाठ वाढण्यास कित्येक दशकें लागतात. खणलेली गाठ ओली ठेवावी लागते, नाहीं तर ती तडकते. मग तिचे ठोकळे पाडून कित्येक तास उकळतात, म्हणजे आंतील तुरट रस निघून जातो. त्यानंतर महिनोन्‌महिने सावकाश वाळवण.

खरी कसोटी यापुढें. ठोकळा बाहेरून निर्दोष दिसला तरी आंत बारीक भोक किंवा खडा दडलेला असूं शकतो, आणि तो कानस फिरूं लागल्यावरच डोळ्यांस पडतो. हातानें काम करणारा कारागीर म्हणून आकाराचा हट्ट धरीत नाहीं. तो रेघा पाहतो. त्या पात्राच्या तळापासून कांठापर्यंत उभ्या जाव्या, त्यांच्या टोकांशीं पक्ष्याच्या डोळ्यासारखे ठिपके उमटावे, असा बेत करतो. दोष निघाला तर आकार बदलतो, किंवा दोन दिवसांची मेहनत टाकून देतो. लुकण भरून वर रंग चढविणारेहि आहेत. जाणत्याला तें कळतेंच. भोक पाडणें सर्वांत नाजूक. दांड्यांतील धुराची वाट पात्राच्या अगदीं तळाशीं मिळाली पाहिजे. ती किंचित्‌ वर राहिली तर खालचा तंबाखू ओला राहतो आणि पाइप वारंवार विझतो. तोंडांतील नळी व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेल्या रबराची.

या कामकऱ्यांची संघटनाहि त्यांच्या हातासारखीच घट्ट होती. १८८१ मध्यें सँ-क्लोदमध्यें 'ला फ्रातेर्नेल' ही सहकारी संस्था निघाली. कांहीं वर्षांनीं तिनें नफा सभासदांत वांटणें सोडून तो सर्वांच्या कामीं लावला, आणि १९१० मध्यें गांवांत लोकगृह उभें राहिलें. ९ एप्रिल १९४४ रोजीं, ईस्टरच्या रविवारीं, जर्मन सैन्यानें गांवांतील पुरुषांना चौकांत गोळा केलें आणि सुमारें ३०० जणांना बुखेनवाल्डच्या छळछावणीकडे धाडलें. त्यांतील पुष्कळजण परतले नाहींत. सँ-क्लोदमध्यें पाइप आजहि होतात. कारखाने मात्र बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.