अजिंठ्याचा गेरू आणि रंगांध कॅमेरा

आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकात तेथील राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. त्या काळातील चित्रांचा प्राण गेरूच्या तांबड्यात आणि पिवळ्या मातीत आहे. नेमके हेच रंग एकोणिसाव्या शतकातील कॅमेऱ्याला दिसत नव्हते.

रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या रंगीत प्रतिकृती बहुतेक सर्व १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी तेच काम पुन्हा करू लागले; त्यांतल्याही अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. मग छायाचित्रे का काढली नाहीत? गिल यांच्याकडे कॅमेरा होता, १८६४ मध्ये त्यांची लेण्यांची छायाचित्रे ग्रंथरूपाने निघालीही होती. परंतु लेण्यांतला अंधार ही अर्धीच अडचण. काचेवरील चांदीचे क्षार मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. गेरू त्यांच्या लेखी काळोख होता.

१८७३ मध्ये बर्लिनचे हर्मन फोगेल यांना आढळले, की लेपात विशिष्ट रंजक मिसळल्यास हेच क्षार हिरवा-पिवळा प्रकाशही टिपतात. समकालीनांचा त्यावर चटकन विश्वास बसला नाही. पुढे सायनाइन कुळातील रंजकांनी ही मजल तांबड्यापर्यंत नेली. हे रंजक चांदीच्या स्फटिकावर नेमके काय करतात, हे मात्र कोडेच होते.

या रेणूंच्या कण्यात एकेरी व दुहेरी बंध आलटूनपालटून येतात. त्यामुळे काही इलेक्ट्रॉन एका बंधाशी जखडून न राहता कणाभर वावरतात आणि रेणू दृश्य प्रकाश शोषतो. १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडविन जेली आणि जर्मनीत ग्युंटर शाइबे यांना स्वतंत्रपणे दिसले, की अशा एका रंजकाचे रेणू दाटले की त्यांचे शोषण एकाएकी टोकदार होऊन तांबड्याकडे सरकते. कलत्या थप्पीतील विटांप्रमाणे ते एकमेकांना लागून रांगेत बसलेले असतात. सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकाच्या पृष्ठभागावरही अनेक सायनाइन असेच जुळतात. त्यांना कोणी मांडत नाही. सपाट रेणूंची परस्परओढ आणि पृष्ठभागाचा आधार एवढ्यावर साखळी तयार होते. एका रेणूवर पडलेला प्रकाश मग अनेकांमध्ये वाटला जातो, आणि अखेर त्यातून सुटलेला इलेक्ट्रॉन स्फटिकात उतरतो.

हा उलगडा होण्यापूर्वीच, १९३० मध्ये, हैदराबाद संस्थानातील गुलाम याझदानी यांच्या अजिंठ्यावरील चार भागांच्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला होता. त्यातील रंगीत चित्रे छायाचित्रणावर आधारलेली आहेत, हे त्याच्या शीर्षकातच छापलेले होते.