कुलाब्याचे गणक

संगणक म्हटला की आज डोळ्यांपुढे यंत्र उभे राहते. परंतु इंग्रजीतील ‘कंप्यूटर’ हा शब्द यंत्राला चिकटण्यापूर्वी माणसाला लावला जात असे; एकोणिसाव्या शतकात ग्रीनिचच्या वेधशाळेत आकडेमोड करणारी पोरसवदा मुले याच नावाने नोकरीस होती. तेव्हा दूरदूरच्या गणकांना एका सूत्रात गोवून नाना प्रकारची माहिती हाताळण्याचा उद्योग विद्युत्-यंत्रांच्या युगातच जन्मला, ही समजूत बरोबर नाही. हा उद्योग आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टोकास, १८४१ सालापासून माणसांच्या बळावर चालला होता. त्याची हकीकत गिरगाव-दादरच्या वाचकांस सादर करावी, असे आम्हांस वाटते.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापिली. पुढे दहा-बारा वर्षांत जर्मनीतील गॉटिंगेन येथे गाउस व वेबर या विद्वानांनी एक नवी योजना अमलात आणली. पृथ्वीचे चुंबकत्व स्थळोस्थळी भिन्न असते व क्षणोक्षणी पालटते. म्हणून एका जागी बसून त्याचे मर्म कळावयाचे नाही, अनेक ठिकाणी एकाच क्षणी पाहिले पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत. त्यासाठी ठरलेल्या दिवशी चोवीस तास, दर पाच मिनिटांनी, सर्वांनी आपापली चुंबकसुई पाहावी, आणि घड्याळ मात्र सर्वांनी गॉटिंगेनचेच मानावे, असा संकेत झाला. तेथे मध्यान्ह झाला म्हणजे मुंबईत दुपारचे चार वाजून सुमारे अकरा मिनिटे होत. इंग्रजांनी हीच कल्पना विस्तारली, तेव्हा टोरांटो, सेंट हेलिना, केप व होबार्ट यांच्या जोडीला कंपनीच्या मद्रास, सिमला, सिंगापूर व मुंबई येथील जागा आल्या. डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली उपकरणे कुलाब्यास मांडली गेली.

वेधशाळेचे काम तेव्हा एल्फिन्स्टनमधील अध्यापक ऑर्लेबार पाहत. त्यांच्या हाताखाली अलिबागेजवळच्या नागावचा एक तरुण १८४० साली लागला. ते केरो लक्ष्मण छत्रे. पुढे ज्यांना महाराष्ट्राने केरूनाना म्हणून गणिताचे आचार्य मानले, तेच. अशा ठिकाणचे काम दिसावयास सोपे, परंतु करावयास कठीण. कोणी सुईचे ढळणे पाहावे, कोणी चुंबकाचे बळ, कोणी वायुभार, कोणी उष्णता, वारा, पाऊस. पण नुसता वाचलेला आकडा परक्यास निरुपयोगी असतो. उष्णतेने चुंबकाचे बळ घटते. म्हणून उष्णतामापकाचा आकडा हाती घेऊनच चुंबकाचा आकडा शुद्ध करावा लागतो. प्रत्येक उपकरणाचा दोष निराळा, तोही वजा करावयाचा. ही शुद्धी प्रत्येक ठाण्याने प्रामाणिकपणे केली, तरच कुलाब्याचा आकडा टोरांटोच्या आकड्याशेजारी बसू शकतो. या सर्व योजनेचा प्राण एखाद्या ठाण्याच्या सामर्थ्यात नव्हता. तो समान घड्याळ, समान माप आणि समान नियम यांत होता.

या शिस्तीची कसोटी १८५९ साली लागली. १ सप्टेंबरला इंग्लंडात कॅरिंग्टन यांस सूर्यावर अकस्मात तेज फाकलेले दिसले. त्यानंतर अठरा तास होण्यापूर्वीच पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली. ग्रीनिच व क्यू येथे छायाचित्राने आपोआप आलेख उमटविणारी यंत्रे होती, परंतु रेषाच कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्यास तसले यंत्र नव्हते. तेथे डोळ्यांनी पाहून हाताने लिहिणारी माणसे होती. त्यांनी चुंबकाचे आडवे बळ सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी उतरल्याची नोंद केली. २००३ साली लखिना, अलेक्स व त्यांचे परदेशी सहकारी यांनी त्या वादळाचे मान ठरविले, ते मुख्यत्वे याच नोंदीवरून. भारी यंत्रे जेथे थिटी पडली, तेथे जागरूक माणसांची वही जगाच्या उपयोगी पडली.

पुढे संकट आले ते सुधारणेच्या रूपाने. मुंबईत विजेची ट्राम आणण्याचे ठरले. तिच्या प्रवाहाने कुलाब्याच्या सुया थरथरणार, आणि १८४६ पासून अखंड चाललेली मालिका मातीमोल होणार, हे उघड होते. वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत मार्ग काढण्यात आला. १९०४ साली अलिबागेस, केरूनानांच्या नागावजवळ, नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तथापि जुनी लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले, दोहोंतील फरक निश्चित केला, आणि मगच कुलाब्याचे काम थांबविले. म्हणून स्थळ बदलले तरी मालिका तुटली नाही. ट्राम १९०७ साली धावू लागली आणि १९६४ साली बंदही पडली, दादर टी. टी. या नावात तिची आठवण तेवढी उरली. अलिबागचे वेध मात्र आजही चालू आहेत.

आता तेथील आकडे ‘इंटरमॅग्नेट’ या जगद्व्यापी मंडळाच्या द्वारे इतर देशांच्या आकड्यांत मिसळतात. जपान, हवाई, पोर्तो रिको व दक्षिण आफ्रिका येथील चार ठाण्यांच्या आकड्यांवरून क्योतो येथे वादळाचा निर्देशांक काढला जातो. हे काम आता यंत्रे करतात. त्याची गरज केवळ पंडितांना आहे असेही नाही: मार्च १९८९ मधील अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचे सुमारे साठ लाख लोक नऊ तास विजेवाचून राहिले.

गॉटिंगेनच्या घड्याळाची जागा जागतिक प्रमाणवेळेने घेतली, दौत-टाकाची जागा तारांनी घेतली. परंतु अट पालटली नाही. दूरच्या सोबत्याला विसंबून राहता येईल असा आकडा, ठरल्या वेळी व ठरल्या मापात, प्रत्येकाने द्यावयाचा. कुलाब्याच्या गणकांपैकी केरूनानांसारखे एक-दोघे सोडले तर इतरांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत. तरी त्यांनी लिहिलेला आकडा दीडशे वर्षांनी खरा ठरला. यंत्रांच्या जाळ्याचे कौतुक करताना आमच्या तरुण वाचकांनी या माणसांच्या जाळ्याचाही अभ्यास करावा, अशी आमची इच्छा आहे.