अ‍ॅव्हरेज का पडले?

आमच्या वाचक मंडळाची पुस्तक-प्रदर्शनाची एक पिकअप गाडी होती. जुनी, डिझेलवर चालणारी. हौद्यावर ताडपत्री आणि आत लाकडी पेट्यांतून पुस्तके. तालुक्याच्या गावी, महाविद्यालयांच्या आवारात ती उभी राहत असे. गाडीबरोबर एक वही असे आणि वहीत पाच रकाने : तारीख, काट्यावरचे किलोमीटर, भरलेले डिझेल, रक्कम, शेरा. एका पावसाळ्यात हिशेब करताना असे दिसले की, लिटरला १३ किलोमीटर देणारी गाडी दोन-तीन टाक्यांच्या अवधीत ११ वर आली आहे. दोन किलोमीटरची घट ऐकायला किरकोळ वाटते. परंतु महिन्याला २,००० किलोमीटर धरले, तर १५४ लिटरच्या जागी १८२ लिटर डिझेल लागते. २८ लिटर, म्हणजे एक मोठा कॅन भरून डिझेल कोठे तरी जात होते. मंडळाच्या बैठकीत हा आकडा वाचला गेला आणि कोणीतरी ‘कॅन’ हा शब्द उच्चारला. पुढचे कोणाला बोलावेच लागले नाही. बैठकीत बसलेले आम्ही बहुतेक साहित्याचे अध्यापक, पुराव्यावाचून विधान करू नये असे वर्गात बजावणारे. आम्हीही माना डोलावल्या.

त्या माना डोलावण्याची टोचणी पुढे बरेच दिवस राहिली. तिच्यापोटीच आम्ही या प्रश्नाचा इतिहास वाचू लागलो : गाडी एकाएकी जास्त इंधन पिऊ लागली, तर त्याचे कारण माणसांनी आजवर कसे शोधले? पिकअप ही मुळात अमेरिकेची वस्तू, तेव्हा हा इतिहासही बराचसा तिकडचा आहे.

प्रथम शब्दाविषयी. अमेरिकन मनुष्य ‘मायलेज’ म्हणतो, आपण ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतो. इंग्रजीच्या प्राध्यापकांना हे खटकते. आम्हांला मात्र आपलाच शब्द अधिक नेमका वाटतो, कारण एका टाकीवरून काहीच सिद्ध होत नाही हे त्यात गृहीत धरलेले आहे. (‘पिकअप’ शब्दाचीही आपण अशीच सोय केली आहे. गाडीही पिकअप आणि तिचा वेग घेण्याचा गुणही पिकअप. त्यामुळे ‘पिकअपचा पिकअप गेला’ हे मराठीतले निर्दोष वाक्य ठरते.) पण अ‍ॅव्हरेजची व्युत्पत्ती पाहिली, तर ती सरासरीपाशी थांबत नाही. फ्रेंच ‘अव्हारी’, इटालियन ‘अव्हारिया’ असा माग काढत अभ्यासक अरबी ‘अवार’ या शब्दापर्यंत जातात. अर्थ : मालाची नासधूस. भूमध्य समुद्रावरच्या व्यापारात वादळात जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागे. ते नुकसान ज्याचा माल गेला त्या एकट्याचे न मानता जहाजमालक आणि सर्व व्यापारी यांच्यात प्रमाणशीर वाटले जाई. सागरी विम्याच्या कायद्यात हा अर्थ आजही जिवंत आहे. सरासरी हा अर्थ मागाहून आला. म्हणजे ज्या शब्दाने आम्ही चालकाला आरोपी केले, तो शब्द मुळात सर्वांनी वाटून घ्यायच्या तुटीचा होता.

आता गाडीकडे. फोर्ड कंपनीने आपल्या ‘मॉडेल टी’ला मागे हौदा जोडून कारखान्यातच तयार केलेली पिकअप १५ एप्रिल १९२५ रोजी जाहीर केली; किंमत २८१ डॉलर, शक्ती २० अश्वशक्ती. या गाडीत ठिणगी केव्हा पडावी हे ठरवणारा दांडा चाकाच्या डाव्या बाजूस होता, आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण दाट करावे की पातळ याची कळही बसल्या जागेवरून फिरवता येई. थंडीत सुरू करताना मिश्रण दाट करायचे आणि इंजिन तापले की पुन्हा पातळ करायचे, हे चालकाचे रोजचे काम. ते करायचे राहिले की पेट्रोल जास्त जळे. अशा गाडीचे अ‍ॅव्हरेज पडले, तर चालकाने प्रथम स्वतःच्या हाताकडे पाहावे हे रास्तच होते.

पुढे ही कामे चालकाच्या हातून काढून यंत्राच्या हाती दिली गेली. ठिणगीची वेळ आपोआप पुढेमागे होऊ लागली, मिश्रण कार्बोरेटर ठरवू लागला, आणि निदान गॅरेजमध्ये गेले. या काळातला मेकॅनिक हा आमच्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा वाचक. तो ठिणगीचा प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाही. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण दाट, म्हणजे पेट्रोल वाया जाते आहे. ओला, तेलकट काळेपणा असेल तर ऑइल आत शिरते आहे. पांढरट, भाजल्यासारखे टोक असेल तर मिश्रण पातळ किंवा उष्णता जास्त. फिकट तपकिरी असेल तर सगळे ठीक. मग तो निर्वातमापकाची नळी इंजिनाला जोडून काट्याकडे पाही : धडधाकट इंजिनात काटा जवळजवळ स्थिर राहतो; ठरावीक लयीत खाली झटके देऊ लागला तर एखादा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही; स्थिर असूनही खालीच असेल तर ठिणगी उशिरा पडते आहे. डिझेल गाडीत प्लग नसल्याने हेच वाचन धुरावरून होई, आणि आपल्याकडे अजून होते. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, निळा म्हणजे ऑइल जळते आहे. एकाच चिन्हाचे दोन अर्थ निघत असतील, तर दुसरे चिन्ह शोधायचे, हा त्याचा दंडक. पाठचिकित्सा शिकवताना आम्ही वेगळे काय सांगतो?

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलबंदी केली आणि इतके दिवस मालक व मेकॅनिक यांच्यातला हा आकडा राष्ट्राचा झाला. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेत ताशी ५५ मैलांची कमाल वेगमर्यादा लागू झाली. १९७५ च्या कायद्याने कंपन्यांवर इंधनक्षमतेचे बंधन आले, मोटारींना १९७८ च्या आणि हलक्या ट्रकांना १९७९ च्या नमुन्यांपासून. नव्या गाडीच्या काचेवर सरकारी आकड्याची चिठ्ठी लागू लागली. मात्र एकूण भारक्षमता ८,५०० पौंडांच्या वर असलेल्या मोठ्या पिकअपांना या चिठ्ठीतून सूट होती. अशा गाडीच्या मालकाला ‘पूर्वी इतके देत होती’ हे सांगायला स्वतःच्या वहीखेरीज दुसरा आधार नव्हता. या वह्यांबरोबर पुष्कळ लोकसमजुतीही चालत आल्या. हौद्याचा मागचा फाळका उघडा ठेवला की वारा निघून जातो आणि पेट्रोल वाचते, ही त्यांपैकी सर्वांत चिवट. प्रत्यक्षात फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. फाळका पाडला की सहसा तोटाच होतो.

प्रदूषणाच्या नियमांनी यानंतरचा बदल घडवला. १९७६ साली व्होल्व्होच्या गाड्यांत बॉश कंपनीचा ‘लॅम्डा’ संवेदक आला. निकास नळीत बसून तो धुरात प्राणवायू किती उरला ते पाहतो आणि संगणकाला कळवतो. संगणक पेट्रोल कमीजास्त करून हवा-पेट्रोलाचे प्रमाण १४.७ ला १ या आसपास ठेवतो. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारी आणि हलक्या ट्रकांना एकाच पद्धतीचे निदान-यंत्र सक्तीचे झाले. आता मेकॅनिक प्लग काढण्याआधी तारेची जोडणी करून सांकेतिक क्रमांक वाचतो. वाचन सोपे झाले असे आपण म्हणू. तसे ते झालेले नाही.

एक प्रसंग घ्या. पिकअपचे अ‍ॅव्हरेज एकाएकी पडले आहे आणि यंत्र सांगते आहे, ‘मिश्रण पातळ आहे’. पेट्रोल जास्त जाते आहे आणि मिश्रण पातळ! भोळा वाचक संवेदकाला खोटारडा ठरवून तो बदलतो. पैसे जातात, दोष राहतो. अनुभवी मेकॅनिक विचारतो, हा साक्षीदार उभा कोठे आहे? संवेदकाच्या अलीकडे निकास नळीला बारीक तडा गेला असेल, तर तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते. संवेदकाला तो प्राणवायू दिसतो, तो प्रामाणिकपणे ‘प्राणवायू जास्त’ असे कळवतो, आणि संगणक तितक्याच प्रामाणिकपणे पेट्रोल वाढवत राहतो. दोघेही खोटे बोलत नाहीत. चूक तड्यात आहे, आणि तड्यासाठी अजून तरी वाकून, कान देऊनच शोधावे लागते. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर असाच घोटाळा होतो. इंजिन पुरते तापत नाही, संगणक त्याला थंडच समजतो आणि दाट मिश्रण देत राहतो. मॉडेल टीचा चालक कळ फिरवायला विसरला, तर जे होई तेच.

कधीकधी तूट घडलेलीच नसते. पिकअपला मोठे टायर घालण्याची अमेरिकेत हौस आहे. टायरचा घेर दहा टक्क्यांनी वाढला, तर चाक तितक्याच अंतरात कमी फेऱ्या घेते. प्रत्यक्ष १०० किलोमीटर धावलेली गाडी काट्यावर ९१ दाखवते, आणि १० चे अ‍ॅव्हरेज वहीत ९.१ होते. (मोठ्या, जड टायरांनी थोडे इंधन खरोखरच जास्त लागते, ते वेगळे.) कधी गाडी तीच, मोजपट्टी तीच, पण मोजायचा पदार्थ बदलतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. आपल्याकडे २०२५ मध्ये पेट्रोलमधील त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले, तेव्हा आपल्या गाडीला काय झाले असे अनेकांनी गॅरेजमध्ये जाऊन विचारले. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट अपेक्षिलेली होती. गाडीला काहीच झालेले नव्हते.

आमची गाडी डिझेलची, टायर त्याच मापाचे, धूर स्वच्छ. गॅरेजच्या मिस्त्रींना आम्ही संशयासकट सर्व हकीकत सांगितली. त्यांनी संशयाबद्दल अवाक्षर काढले नाही. सपाट रस्त्यावर गाडी थोडी पळवली, न्यूट्रलमध्ये टाकली आणि आपोआप थांबू दिली. ती फारच लवकर थांबली. मग त्यांनी उतरून चारही चाकांजवळ पाळीपाळीने हात नेला. मागच्या डाव्या चाकाशी हात ठरेना. हँडब्रेकची केबल पावसाळ्यात गंजून अडकली होती. ब्रेक पुरता सुटत नव्हता आणि लायनर ड्रमला सतत घासत होते. २८ लिटर डिझेल रोज थोडे थोडे त्या ड्रममध्ये उष्णता होऊन जात होते.

तो दिवस निवळला तेव्हा आम्ही वही पुन्हा उघडली. बैठकीत आम्ही चार रकाने वाचले होते. पाचव्या रकान्यात, घट सुरू झाली त्याच आठवड्यात, पेन्सिलीने लिहिलेले होते, ‘डावे मागचे चाक तापते. वास येतो.’ पुढच्या पानावर पुन्हा तेच, अधिक ठळक अक्षरात.

चालकाकडे आम्ही दोघे-तिघे गेलो. त्याने चहा दिला, ‘असू द्या सर’ म्हणाला, आणि दिवाळीनंतर काम सोडले. कारण विचारण्याचा अधिकार आमच्याकडे उरला आहे असे कोणाला वाटले नाही. नव्या चालकासाठी बाजारातून छापील वही आणली. तिच्यात चारच रकाने होते. पाचवा आम्ही पट्टीने आखून घेतला.