ज्वारी, कळणा आणि शिधापत्रिका : पिंपळगाव राजा परिसरातील घरगुती आहाराचा इतिहास

प्रस्तावना

मराठीत आहाराचा इतिहास लिहिताना बहुधा छापील पाकग्रंथांचा आधार घेतला जातो. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' (१८७५), लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' (१९१०) आणि कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' (१९७०) हे त्यांतील ठळक टप्पे होत. या ग्रंथांचे मोल निर्विवाद आहे; तथापि त्यांतील स्वयंपाकघर मुख्यतः शहरी, पांढरपेशा वर्गाचे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील, खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा या घाटाखालच्या गावाची चूल समजून घ्यावयाची तर पीकपद्धती, बाजार आणि शिधावाटप यांच्याकडेच वळावे लागते. 'पूर्वीचे लोक ज्वारी खात, म्हणून निरोगी असत' हे विधान अलीकडे सर्रास ऐकू येते. ते कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कापूस आणि ज्वारी

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडी कापसाला मागणी वाढली आणि १८७० मध्ये जलंब–खामगाव लोहमार्ग सुरू होऊन खामगावची बाजारपेठ मुंबईशी जोडली गेली. कापूस विकण्यासाठी आणि ज्वारी खाण्यासाठी, अशी शेताची वाटणी त्यामुळे अधिक पक्की झाली. खरिपाच्या ज्वारीत मूग, उडीद आणि तूर यांच्या ओळी पेरण्याची रीत होती. बांधाला अंबाडी असे. म्हणजे भाकर, वरण आणि भाजी ही तिन्ही एकाच शेतातून येत. मात्र हे चित्र रंगवताना १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ विसरता येत नाहीत. पाऊस गेला की ताटातील हे तिन्ही पदार्थ एकदमच जात.

ताटातील जोड

ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हा घटक कमी असतो, तर डाळींत तो विपुल असतो. उलट डाळींतील मेथिओनीनची उणीव धान्य भरून काढते. हे शास्त्र माहीत नसतानाही या पट्ट्यातील आणि शेजारच्या खानदेशातील स्त्रियांनी त्याची अंमलबजावणी केली होती. कळण्याची भाकर हे त्याचे उत्तम उदाहरण होय. ज्वारीत सालासह उडीद आणि मीठ घालून दळलेले पीठ म्हणजे कळणा. साधारणतः तीन-चार वाटे ज्वारीला एक वाटा उडीद घेतला जातो. सोबत मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी किंवा हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची आमटी असते. उन्हाळ्यात ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील होई. यांतील एकही पदार्थ 'आरोग्यदायी' म्हणून केला जात नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे; घरात जे होते, ते खाल्ले जात होते.

ही जोड तुटली तर काय होते, याचा पुरावाही उपलब्ध आहे. दख्खनमधील ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांत उन्हाने त्वचा काळवंडणारा, अतिसार आणि मनोविकार उत्पन्न करणारा पेलाग्रा हा रोग आढळत असे. हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेतील (१९६९ पासूनची राष्ट्रीय पोषण संस्था) डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसीनच्या आधिक्याशी जोडला. या कारणमीमांसेवर पुढे वाद झाले. परंतु केवळ भाकर आणि मीठ-मिरची हा आहार अपुरा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. प्रस्तुत लेखकाच्या मते ज्वारीच्या गौरवात हे प्रकरण सोयीस्करपणे गाळले जाते.

बदल

१९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण प्रसारित झाले. उत्पादन वाढले, पण लवकर पक्व होणारे कणीस परतीच्या पावसात सापडून दाणा काळा पडे. 'हायब्रीड'च्या भाकरीला चव नाही, ही तक्रार तेव्हाची. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. ती मिलो आजही वृद्धांच्या बोलण्यात येते, आणि क्वचितच प्रेमाने.

खरा पालट मात्र सोयाबीनने घडवला. गेल्या तीन-चार दशकांत त्याने ज्वारी, मूग आणि उडीद या तिन्हींची जागा घेतली. सोयाबीन शेतातून थेट बाजारात जाते, चुलीपर्यंत येत नाही. ज्वारी गेल्याने कडबा कमी झाला. कडब्यावाचून जनावरे सांभाळणे अवघड झाले. जनावरांबरोबर घरचे ताकही गेले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने गहू-तांदूळ अत्यल्प दरात दिला आणि जानेवारी २०२३ पासून तो मोफत झाला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले, हा योगायोग बोलका आहे. मोफत तांदूळ घरात असताना मजुराने ज्वारी विकत घ्यावी, ही अपेक्षा व्याख्यानातच शोभते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. गव्हाच्या आट्यातही जवळजवळ तितकेच असते. सडलेल्या तांदळात मात्र तंतू ३ ग्रॅमहून कमी आणि लोह १ मिलिग्रॅमहूनही कमी आहे. तेव्हा पोळी सोडून भाकरीकडे वळल्याने तंतू वा लोह यांत फारसा फरक पडत नाही. भात आणि मैदा कमी केल्याने पडतो. महिन्याच्या दळणात मूठभर उडीद घालणे, वरण घट्ट ठेवणे, पालेभाजीवर लिंबू पिळणे आणि जेवणानंतर लगेच चहा न घेणे, जेणेकरून लोह शरीरात मुरेल, या गोष्टी रेशनचा गहू वापरणाऱ्या घरालाही शक्य आहेत. उडीद मात्र आता बहुतेकांना दुकानातून आणावा लागतो, आणि त्याचा भाव गव्हासारखा मोफत नाही.