चापाची स्प्रिंग आणि पोलिसी उत्तरदायित्व : न्यूयॉर्क शहर पोलीस दलातील ग्लॉक पिस्तुलाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
शस्त्रांचा इतिहास सामान्यतः युद्धे, कारखाने आणि कायदे यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. शस्त्रातील एखाद्या सुट्या भागाचा स्वतंत्र विचार क्वचितच होतो. वस्तुतः अशा लहानशा भागातही संस्थेचे धोरण, तिला वाटणारी भीती आणि आपल्याच माणसांवरील तिचा विश्वास वा अविश्वास यांचे प्रतिबिंब पडलेले असते. प्रस्तुत लेखात न्यूयॉर्क शहर पोलीस दलाने १९९३ पासून स्वीकारलेल्या आटोपशीर पिस्तुलातील चापाच्या स्प्रिंगचा परामर्श घेतला आहे. संक्रमणकाळासाठी केलेली तांत्रिक तडजोड तिचे मूळ कारण संपल्यावरही का टिकून राहते आणि तिचे मोल कोणाला द्यावे लागते, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

रिव्हॉल्व्हरचा वारसा :
विसाव्या शतकाचा बहुतांश काळ अमेरिकन पोलिसांच्या कमरेला सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर असे. रिव्हॉल्व्हर दोन प्रकारे चालविता येते. घोडा आधी हाताने मागे ओढून ठेवल्यास चाप अत्यल्प दाबानेही सुटतो. घोडा तसाच ठेवून चाप ओढल्यास मात्र त्या एकाच ओढीने घोडा उचलला जातो, गोळ्यांचे चक्र फिरते आणि शेवटी घोडा सुटतो. साहजिकच ही ओढ लांब व जड असून तिला साधारणतः १० ते १२ पौंड जोर लागतो. पहिल्या प्रकारात अनवधानाने गोळी सुटण्याचा धोका असल्याने न्यूयॉर्क पोलीस दलाने १९८० च्या दशकात घोडा मागे ओढून ठेवताच येणार नाही अशी रिव्हॉल्व्हर वापरण्याचे धोरण अवलंबिले. जड चाप हीच खरी सुरक्षा, हा विचार अशा रीतीने पिस्तूल येण्यापूर्वीच दलात रुजला होता.

ग्लॉकचे आगमन व स्प्रिंगची रचना :
ऑस्ट्रियातील गास्टन ग्लॉक यांना बंदुका बनविण्याचा पूर्वानुभव नव्हता. तरीही त्यांनी तयार केलेले प्लॅस्टिकच्या सांगाड्याचे पिस्तूल १९८२ मध्ये ऑस्ट्रियन सैन्याने स्वीकारले. या मूळ नमुन्याचे, म्हणजे ग्लॉक १७ चे, आखूड रूप ग्लॉक १९ या नावाने १९८८ मध्ये बाजारात आले. त्याच्या मॅगझिनमध्ये १५ गोळ्या मावतात. आरंभी न्यूयॉर्कमध्ये या ‘प्लॅस्टिक पिस्तुला’विषयी संशयाचे वातावरण होते व शहरात त्यावर बंदी होती. खुद्द पोलीस आयुक्त बेंजामिन वॉर्ड हेच ते जवळ बाळगतात, ही बातमी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ती बंदी टिकली नाही.

ग्लॉकला बाहेरून हाताळावयाचा सुरक्षा-खटका नाही. चापातच बसविलेली लहान पट्टी आणि आतील दोन यंत्रणा मिळून पिस्तूल सुरक्षित ठेवतात. पट्टीसह चाप पूर्ण मागे ओढला गेला की मात्र गोळी सुटते. नेहमीच्या रचनेत चापाला जोडलेली गुंडाळीची स्प्रिंग ओढण्याच्या क्रियेस साह्य करते. परिणामी सुमारे साडेपाच पौंड, म्हणजे अडीच किलोग्रॅम, इतकाच जोर पुरतो. रिव्हॉल्व्हरवर हात बसलेल्या शिपायाच्या दृष्टीने हा फरक मोठा होता. न्यूयॉर्क राज्य पोलिसांच्या मागणीवरून कंपनीने या स्प्रिंगच्या जागी साह्याऐवजी विरोध करणारी स्प्रिंग तयार केली. ‘न्यूयॉर्क चाप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सुट्या भागाचे दोन प्रकार आहेत : हिरवट रंगाच्या भागाने ओढ सुमारे ८ पौंडांपर्यंत जाते, तर नारिंगी रंगाच्या भागाने ती १२ पौंडांच्या जवळपास पोहोचते.

१९९३ चा निर्णय :
गुन्हेगारांच्या हाती जास्त गोळ्यांची शस्त्रे आल्याने सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर अपुरे पडते, अशी पोलिसांची तक्रार होती. १९९३ मध्ये शहर दलाने ९ मिलिमीटर पिस्तुलांना मान्यता दिली. मान्य केलेल्या पिस्तुलांत ग्लॉक १९ चा समावेश होता. या पिस्तुलात दलाने वापरलेली स्प्रिंग मात्र १२ पौंडांची होती. या निर्णयामागील तर्क दुर्लक्षिण्याजोगा नाही. हजारो शिपायांचे बोट वर्षानुवर्षे जड चापाला सरावलेले होते. त्यांच्या हाती एकाएकी निम्म्या जोराने सुटणारे शस्त्र देणे धोक्याचे ठरले असते. त्यामुळे शस्त्र नवे आणि ओढ जुनी, असा मध्यम मार्ग काढण्यात आला.

परिणामांचा विचार :
हा मार्ग संक्रमणापुरता योग्य असला, तरी दलाने तो कायमचा करून टाकला. ज्यांनी रिव्हॉल्व्हर कधी हातातही धरले नव्हते, अशा पुढील पिढ्यांच्या शिपायांनाही तीच जड ओढ मिळाली. दलातील अखेरची रिव्हॉल्व्हर २०१८ मध्ये सेवेतून बाद झाली. त्यांच्यासाठी घडविलेली स्प्रिंग मात्र तेव्हाही कायम होती.

येथे दोन बाबी परस्परांत गुंतलेल्या आहेत. पहिली अचूकतेची. चाप जितका जड, तितका ओढताना नेम हलण्याचा संभव अधिक. रँड संस्थेने २००८ मध्ये दलासाठी केलेल्या अभ्यासात १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळीबार होत असताना पोलिसांचे सरासरी १८ टक्के, तर होत नसताना ३० टक्के नेम लागल्याचे नोंदविले आहे. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट इमारतीजवळ दोन पोलिसांनी एका मारेकऱ्यावर १६ गोळ्या झाडल्या, तेव्हा पदपथावरील नऊ नागरिक गोळ्यांनी वा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले. याचा दोष केवळ स्प्रिंगला देता येणार नाही, कारण भीती, गर्दी व अपुरा सराव यांचाही त्यात वाटा असतो. तथापि या प्रसंगाने चापाच्या ओढीचा प्रश्न पुन्हा चर्चेत आणला.

दुसरी बाब संयमाची. जड चाप अविचारी गोळीबार रोखतो, ही अपेक्षा अनुभवाला उतरली नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमादू डियालो या निःशस्त्र तरुणावर चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. नोव्हेंबर २००६ मध्ये शॉन बेल यांच्या मोटारीवर ५० गोळ्या झाडल्या गेल्या. एकदा गोळी झाडण्याचा निर्णय मनात झाला, की स्प्रिंग त्याला अडवीत नाही. अनवधानाने सुटणाऱ्या गोळीबाबतही हीच मर्यादा दिसते. दचकणे, तोल जाणे किंवा दुसऱ्या हाताने जोर लावणे यांमुळे बोटे आपोआप आवळली जातात, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉजर एनोका यांनी २००३ मध्ये मांडले होते. अशा वेळी बोट चापावर नसणे हाच भरवशाचा उपाय होय.

या मर्यादेचे सर्वांत करुण उदाहरण नोव्हेंबर २०१४ मधील आहे. ब्रुकलिनमधील एका सरकारी वसाहतीच्या अंधाऱ्या जिन्यात नवख्या पोलिसाच्या ग्लॉकमधून गोळी सुटली व भिंतीवरून उसळून आकाय गर्ली या निःशस्त्र तरुणाच्या छातीत घुसली. २०१६ च्या खटल्यात ज्युरींनी ते पिस्तूल मागवून चापाचा जोर स्वतः अजमावला. इतका जड चाप चुकून ओढला जाईल, हे त्यांना पटले नाही व आरोपी मनुष्यवधाचा दोषी ठरला. पुढे न्यायाधीशांनी गुन्ह्याचे स्वरूप सौम्य केले. संरक्षणासाठी बसविलेली स्प्रिंग अशा प्रकारे न्यायालयात पुराव्याचा विषय बनली. मृत तरुणाला मात्र तिने कोणतेही संरक्षण दिले नाही.

निष्कर्ष :
दलाने २०२१ मध्ये नव्या भरतीच्या पोलिसांसाठी हलक्या चापाची पिस्तुले देण्याचे धोरण स्वीकारले. म्हणजे संक्रमणाची तडजोड मागे घेण्यास सुमारे २८ वर्षे लागली. याच काळात खाजगी नागरिक लपवून बाळगावयाच्या लहान पिस्तुलांत हलक्या स्प्रिंगा हौसेने बसवीत होते. एकाच भागाकडून व्यक्तीने सुलभतेची, तर संस्थेने संयमाची अपेक्षा केली. दोन्ही बाजूंनी माणसाच्या सरावाचे काम धातूच्या तुकड्यावर सोपविले.

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, १९९३ चा निर्णय त्या वेळच्या परिस्थितीत समर्थनीय होता. दोष होता तो त्याचा कालावधी न ठरविण्यात आणि त्याचा नियमित फेरविचार न करण्यात. यंत्रातील विरोध वाढवून जबाबदारी वाढत नाही. ती प्रशिक्षण, पर्यवेक्षण आणि चौकशी यांतूनच निर्माण करावी लागते. या कामांसाठी वेळ, पैसा व इच्छाशक्ती लागते. स्प्रिंग बदलणे तुलनेने स्वस्त असते, आणि म्हणूनच ती बदलून प्रश्न सुटला असे मानण्याचा मोह संस्थांना होतो. हा मोह वेळीच न ओळखल्याची किंमत न्यूयॉर्कमध्ये शस्त्र बाळगणाऱ्यांपेक्षा त्याच्या समोर व आसपास असणाऱ्यांनी अधिक मोजली.