फोर्ड यांची जुनी मोटार

यश हेंच यशस्वी पुरुषाच्या वाटेंत कसें आडवें येतें, याचे दाखले आपण राजकारणांत शोधतों. व्यापाराच्या इतिहासांतहि ते विपुल आहेत. हेन्री फोर्ड यांनीं १९०८ सालीं 'मॉडेल टी' ही मोटार सुमारें ८५० डॉलरांस विकावयास काढिली. १९१३ मध्यें त्यांच्या कारखान्यांत मोटारीचा सांगाडाच मजुरापुढें सरकत येऊं लागला, आणि १९२५ पर्यंत किंमत २६० डॉलरांवर उतरली. ही कथा सर्वश्रुत आहे.

पुढील भाग अधिक विचार करण्याजोगा. लाखों मोटारी रस्त्यावर आल्या, तशा कालांतरानें लाखों जुन्या मोटारीहि विक्रीस आल्या. नव्या मॉडेल टीस खरी स्पर्धा होती ती जुन्या मॉडेल टीची! ज्याला केवळ स्वस्त वाहन हवें तो जुनी घेई. ज्याच्या गांठीं चार पैसे अधिक, तो जनरल मोटर्सच्या शेव्हरोलेकडे वळे. तेथें हप्त्यांची सोय होती, व आल्फ्रेड स्लोन यांनीं दरसाल नवें रूप देण्याचा परिपाठ पाडला होता. फोर्ड यांनीं मात्र १९१४ पासून १९२५ पर्यंत काळ्याखेरीज दुसरा रंग दिला नाहीं. (काटकसर हा सद्गुण खरा, परंतु तो दुसऱ्यावर लादतां येत नाहीं, हें संसारी वाचकांस सांगावयास नको.)

मे १९२७ मध्यें, दीड कोटी मोटारी झाल्यावर, काम थांबवावें लागलें. एकाच नमुन्यासाठीं घडविलेलीं यंत्रें दुसऱ्या नमुन्यास कुचकामाचीं ठरलीं. कारखाना महिनोन्‌महिने बंद राहिला. हजारों मजूर घरीं बसले. डिसेंबरांत 'मॉडेल ए' लोकांपुढें आली, तोंवर त्या वर्षाच्या विक्रींत शेव्हरोले पुढें निघून गेली होती.